तिसरी पिन

रविवार, २ फेब्रुवारी
कडब्याच्या खोलीचा स्टुडिओ करायचं पक्कं. यात्रेआधी हौसरावआप्पांच्या ‘फौजी’ बैलावरचं गाणं रेकॉर्ड करणार. शब्द माझे, चाल माझी, गाणार शेखलालमामा. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात पुकारा करावा तर मामांनीच. माईक हातात घेतला की बैलसुद्धा कान टवकारतात. गाणं गाजलं की रांजणगावच्या कंपनीला रामराम. बिनपगारी रजा टाकली. सुपरवायझरने कारण विचारलं. म्हणालो, यात्रेत ऐकू येईल.
संकल्प: वायरिंगमध्ये तडजोड नाही. सेफ्टी फर्स्ट. कंपनीत भिंतीवर वाचत होतो, आता पाळणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पप्पू वायरमन येऊन गेला. म्हणाला, मेन बोर्डापासून वेगळी लाइन वढा, करंट गळला की आपोआप लाइट पाडणारा ट्रिपर बसवा, आन् अर्थिंगचा नवा खड्डा घ्या. हे सगळं मी व्हिडिओत पाहिलंच होतं. पण खड्ड्याच्या जागी सुलक्षणाचा कढीपत्ता आहे. बायकोच्या झाडाला हात लावणं माझ्या स्वभावात नाही. तूर्त तिच्या घरघंटीच्या प्लगवरून एक्स्टेन्शन घेतलं. पीठ दळायला चालतो तो पॉइंट माईकला जड जाणार आहे का? सुलक्षणा म्हणाली, मग मी दळू कवा? कलाकाराच्या घरात असे प्रश्न यायचेच.
ट्रिपर उद्या शिरूरहून आणणार.

बुधवार, १२ फेब्रुवारी
हेडफोनमध्ये घूंऽऽ. सारखं. घरघंटी बंद केली, घूंऽऽ. फ्रिज बंद केला, घूंऽऽ, वर दूध नासलं. शेजारच्या अनसाबाईंना टीव्ही बंद करायला सांगितलं, त्यांनी आवाज वाढवला. शेतातल्या मोटारीच्या लाइनवर स्टुडिओ टाकायचा विचार केला, ती लाइन तरी स्वतंत्र. पण या आठवड्यात शेतीचा लाइट रात्रीचा आणि मामा जेवले की झोपतात.
आप्पांचा फोन. गाणं कुठवर आलं? म्हणालो, मिक्सिंगला आहे. ट्रिपर उद्या.

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ११
सापडलं! सगळा रोग तिसऱ्या पिनमध्ये. माईक ज्याला जोडलाय त्या साउंड मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन पकडीने उपटून काढली. घूंऽऽ गायब. स्वतःचा श्वास ऐकू येतोय. एवढे इंजिनियर शिकले, कुणाला सुचलं नाही.
सुलक्षणा म्हणाली, माझ्या घरघंटीची पिन ढिली व्हती तवा मला मुंग्या आल्या व्हत्या, ध्यानात हाय का? तिला म्हणालो, माईक म्हणजे घरघंटी नव्हे.
आता ट्रिपरची घाई नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळी ९
मुहूर्त. फरशी पुसून घेतली. माईकला हार. नारळ फोडला. दारावर पाटी लावली, चपला बाहेर काढाव्यात. मामांना पाटीची गरज नाही. ते घाटातसुद्धा जोडे काढल्याशिवाय माईकला हात लावत नाहीत.

दुपारी ३
मामांनी पहिली ओळ घेतली. काय आवाज लागला होता! दुसऱ्या ओळीला ओठ माईकला टेकला आणि मामा आखडले. हातातून माईक सुटेना. मी नुसता बघत उभा. सुलक्षणाने धावत जाऊन मेन स्विच पाडला तेव्हा ते खाली कोसळले. ओठ भाजलेला. ओट्यावर बसवून पाणी दिलं. त्यांनी एवढंच विचारलं, आनंदा, माझा आवाज न्हाई ना गेला रं?
त्यांचा मुलगा फिरोज त्यांना रिक्षाने शिरूरला दवाखान्यात घेऊन गेला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणतात, छातीला काही नाही, ओठ बरा होईल. मुळात फरशी ओली होती, त्यात मामा अनवाणी. नारळात पाणी फारच निघालं. माझी चूक एवढीच की नारळ चांगला आणला.
झोप नाही. मामांना काही झालं असतं तर? भीती वाटते, फार वाटते. फोन केला, फिरोजने कट केला.
उपटलेली पिन कोनाड्यात सापडली. तासभर बसवत बसलो. बसत नाही.

रविवार, २ मार्च
खड्डा खणला. कढीपत्ता हलवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कोळसा, मीठ, सगळं भरलं. मिक्सरला नवा तीन पिनचा प्लग. पप्पूने वेगळी लाइन ओढली, ट्रिपर बसवला. टेस्टचं बटण दाबलं, फट्दिशी लाइट पडला. मला रडूच आलं.
मामांना निरोप धाडला, आता शंभर टक्के सेफ आहे. उलट निरोप आला: तुज्यावर राग न्हाई बाबा, पर माईक नगं.
ईदपर्यंत भीती जाईल. खात्री आहे.

शनिवार, १२ एप्रिल
यात्रा. मामा घाटात आले. लोकांनी माईक पुढे केला. त्यांनी जोडे काढले, हात पुढे नेला आणि मागे घेतला. मग तशाच उघड्या आवाजात पुकारा केला. दोन रांगांपलीकडे कुणाला ऐकू गेला नाही. शेवटी माईक दुसऱ्याने घेतला. फौजी पहिला आला. गाणं नव्हतंच. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
डोळ्यांतून पाणी येत होतं. घाटात धूळ फार.

सोमवार, २१ एप्रिल
स्टुडिओ तात्पुरता बंद. सुलक्षणाने घरघंटी तिथे हलवली. म्हणते, आख्ख्या गावात एवढा सेफ पॉइंट न्हाई. शेजारपाजारचं दळणही येतं. मी फर्स्ट शिफ्टला. कंपनीची बस यायच्या आत अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो, ओल राहावी लागते.
काल मामा ज्वारीचा डबा घेऊन आले. दाराशी जोडे काढायला वाकले. मी घाईघाईने म्हणालो, मामा, राहू द्या, घालूनच या आत.
त्यांनी आत एकदा पाहिलं. डबा उंबऱ्यावर ठेवला आणि बाहेरच थांबले.