मागच्या चाकाची हवा

१ फेब्रुवारी

भिंतीला भोकं पाडतोय! सकाळपासून ड्रिलची घरघर चालू आहे. स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली नवऱ्यानं रिकामी केली – जुने डबे, मोडका पंखा, मुंगीचा लहानपणचा पाळणा, सगळं बाहेर. आता तिथं सायकली राहणार. नुसत्या राहणार नाहीत, दुरुस्तही होणार म्हणे. "घरातलं वर्कशॉप!" हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला की माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. निघायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी याच माणसाला वळणावर ट्रकनं सायकलसकट उडवलं. मांडीत सळई, हातात काठी, सायकल कायमची बंद. पडला तो आणि भित्री झाले मी – आमच्या घरात अशी वाटणी झाली. आजही रस्त्यावर ब्रेक करकचला की मी खिडकीकडे धावते. आणि आता हा सगळा खटाटोप कुणासाठी? तर मुंगीसाठी. चौदा वर्षांची आहे पोर. कधी एका जागी बसत नाही म्हणून मुंगी. ती सायकलनं शाळेत जाणार! बस आहे ना चांगली, दारापर्यंत येते.

२ फेब्रुवारी

दोन हुक बसले, तिसऱ्याला प्लॅस्टरचा पोपडा निघाला. वरचे काका धावत खाली आले – "इमारत पाडताय की काय?" नवरा हसत सुटला. किती दिवसांनी हसला असा.

एका हुकाला त्याची वाकलेली काळी सायकल. फेकू देत नाही. दुसऱ्याला मुंगीची हिरवी. मी स्वयंपाकघरात उभी राहते तिथून दोन्ही दिसतात. आधी वाकलेली दिसते.

४ फेब्रुवारी

खोली सजली. भिंतीवर फळी, फळीवर पाने, पक्कड, टायर काढायच्या पट्ट्या. प्रत्येकाभोवती त्यानं पेन्सिलनं रेघ मारली आहे, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच कळावं. कोपऱ्यात पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. माझा चांगला टॉवेल ग्रीस पुसायला गेला, विचारलंसुद्धा नाही!

स्टुलावर बसून मुंगीला धडे देतो. त्याचा एक नियम आहे, काळ्या दगडावरची रेघ – "हवा कमी दिसली तर नुसती भरून निघायचं नाही. कारण शोधायचं." म्हणजे चाक काढा, ट्यूब घमेल्यात बुडवा, बुडबुडे शोधा, परत बसवा. आणि वहीत लिहा. वही खिळ्याला टांगली आहे. तारीख, काय झालं, कारण. शेवटी चाकाचे नट तो स्वतः बघणार. "मी बघितल्याशिवाय सायकल उंबरा ओलांडणार नाही."

मी म्हटलं, "तुला भीती नाही वाटत?"

"घाबरून कुणाचं चाक सरळ झालंय?"

मी ग्रीसचा टॉवेल उचलून धुवायला टाकला.

६ फेब्रुवारी

गेली. सायकलनं.

दवाखान्यात दिवसभर अपॉइंटमेंट लिहिताना दोनदा चुकले. दारातून कुणी लंगडत आलं की खुर्चीतून उठायचे. साडेतीनला तिचा फोन आला – पोचले घरी. तेव्हा कुठे जीवात जीव आला. असं रोज? रोज कसं जमायचं मला?

७ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते. पण इथं नाही तर कुठं लिहू.

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा खोलीत गेले. मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली आणि केसातल्या पिनेनं मधली सुई दाबली. फुस्स! केवढा आवाज वाटला मला. टोपी कशीबशी लावून पळाले ती थेट गॅसपाशी.

पुढचं नियमाप्रमाणे झालं. चाक काढलं, घमेलं भरलं, बुडबुडे नाहीत. अर्धा तास गेला, शाळेची वेळ झाली. बसनं गेली. मी मजेत डबा भरला. देवा, मी काय करतेय?

१० फेब्रुवारी

पुन्हा केलं. या वेळी आवाजाला दचकले नाही. याचीच भीती वाटली.

१२ फेब्रुवारी

ताईकडे आहे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. कालपासून इथं मुक्काम.

सकाळी मुंगीचा फोन – "आई, आज पण हवा गेली! बसनं चाललेय." मी गार. मी तर इथं, शंभर मैलांवर! म्हणजे पिनेनं दाबून दाबून मी तो व्हॉल्व्ह बिघडवला. आता तो आपोआप गळणार. चालत्या सायकलीतून गळला तर? उतारावर गळला तर?

ताई विचारते, "ऑपरेशन माझं झालं, तोंड तुझं का उतरलंय?"

१४ फेब्रुवारी

काल घरी आले आणि आज तिसऱ्यांदा केलं. म्हटलं, बिघडलेलाच आहे तर रस्त्यात गळण्यापेक्षा घरात गळू दे. भीती माणसाला कसली कसली अक्कल शिकवते!

मुंगी निमूटपणे चाक काढत होती. मुलगी शिकली हो, दहा मिनिटांत टायर खाली. माझ्याकडे एकदा बघितलं तिनं. नुसतंच.

१५ फेब्रुवारी

नवऱ्याला आडून विचारलं, "व्हॉल्व्ह खराब झाला असेल का रे?" तो काळ्या सायकलचं हँडल पुसत होता. म्हणाला, "असेल. बदलू." वर बघितलं नाही.

आता पुरे. आजपासून मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. शपथ.

१६ फेब्रुवारी

नाही गेले.

१७ फेब्रुवारी

नाही गेले. ती सायकलनं गेली, सायकलनं आली. मी फरशी तीनदा पुसली.

१८ फेब्रुवारी

मी हात लावला नाही! तरी हवा गेलीच. नवा व्हॉल्व्ह परवाच बसवला होता, तरी! माझंच काहीतरी भोवतंय.

मुंगी चाक बसवत होती आणि मी दारातून ओरडत होते, "बस येईल! आवर! बस चुकेल!" तिनं घाईघाईनं पाना फिरवला आणि दप्तर उचलून पळाली. नट बघायला नवरा काही आला नाही. बाल्कनीत पाठ करून उभा होता.

१९ फेब्रुवारी

मुंगी पडली.

गल्लीच्या तोंडाशी. कालच्या घाईत मागचा नट ढिलाच राहिला होता. आज तशीच निघाली आणि चढावर जोर लावल्यावर चाक सरकून फ्रेमला अडकलं. हनुवटीला तीन टाके, कोपर सोललं. वरच्या काकांनी उचलून आणली. अंगणात तिच्या फ्रॉकवर रक्त बघितलं आणि भिंत धरून खालीच बसले.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. थोडक्यात! चार पावलं पुढं मोठा रस्ता होता. दोन वर्षं ज्याला भ्याले ते मीच ओढून आणलं. काल हात लावला नसेल, पण बिघाड माझाच – हवा गेली म्हणून चाक निघालं, मी घाई केली म्हणून नट ढिला राहिला. ट्रकची गरजच नाही, घरात मी आहे ना!

नवऱ्याला "काल नट का नाही बघितलास?" असं विचारलं तर त्यानं मान फिरवली. नंतर खोलीत जाऊन बसला. पाना घेऊन तोच एक नट आवळत होता. आवळायचा, सोडायचा, परत आवळायचा. मी दारातूनच मागे फिरले. त्याला काय सांगू, की तुझ्या पोरीला मी पाडलं?

२० फेब्रुवारी

सांगितलं. त्याला नाही – मुंगीला. धीर तेवढाच झाला.

ती पेज पीत होती, टाक्यांमुळे तोंड नीट उघडत नाही. मी म्हटलं, "हवा मी सोडायचे. पिनेनं." आणि रडूच फुटलं. एवढी मोठी बाई, पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. टोपी अर्धीच लावतेस तू." मग माझ्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, "बाबांचा नियम आहे ना, कारण सापडेपर्यंत शोधायचं. वहीत लिहिलंय सगळं. बघ हवं तर."

नाही बघितलं. आपल्या पोरीच्या अक्षरात आपलं पाप कोण वाचणार?

२१ फेब्रुवारी

बघितलं. तिच्या बारीक अक्षरात पाच नोंदी आहेत.

७ – पंक्चर नाही. टोपी अर्धी. कारण: आई.

१० – पंक्चर नाही. टोपी अर्धी. कारण: आई.

१२ – पंक्चर नाही. टोपी घट्ट, पान्यानं आवळल्यासारखी. कारण: बाबा.

१४ – टोपी अर्धी. कारण: आई.

१८ – टोपी घट्ट. कारण: बाबा.

वही खिळ्याला परत टांगली. तो अजून स्टुलावर बसलाय, हातात पाना आहे. मी शेजारी जाऊन बसणार आहे.