आउटगोइंग शून्य

सोमवार, ३ मार्च

हे असं कसं करता येईल? सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय.

साहेबांनी मला आणि माझ्या जोडीच्या वायरमनला, लंबूला, केबिनमध्ये बोलावलं. वरून आदेश आलाय. इंटरनेटच्या प्लॅनमध्येच घरचा जो फोन मिळतो, तो 'न वापरणाऱ्या' गिऱ्हाइकांचा बंद करायचा. न वापरणारे म्हणजे? नव्वद दिवसांत ज्यांनी एकही फोन केला नाही ते. यादी मी करायची, कारण माझी चूक होत नाही म्हणे.

मी विचारलं, "मग त्यांचं बिल कमी होईल ना?"

साहेब बघतच राहिले. "तू वायरमन आहेस की वकील?"

बाहेर आल्यावर लंबू खो-खो हसला. मला नाही हसू आलं. लोक दोन्हीचे पैसे भरतात!

बुधवार, ५ मार्च

यादी झाली. दोनशे बारा. नावं नाहीत, नुसते ग्राहक क्रमांक, आठ-आठ आकडी. प्रत्येकासमोरचा 'आउटगोइंग'चा रकाना बघायचा, शून्य असेल तर खूण. दोनदा तपासली. एकही खाडाखोड नाही. मथळ्यात 'निष्क्रिय' लिहायचं होतं. ष पोटफोड्या, हे शब्दकोशात बघून घेतलं. नववीत शाळा सुटली, शुद्धलेखन नाही सोडलं.

लंबू म्हणाला, "छापलीये का रे ही?" — बरं वाटलं.

रविवार, ९ मार्च

मावशीकडे जेवायला. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, रविवार तिच्याकडेच.

जेवताना फोन वाजला. मावशी उष्ट्या हाताने उठली. पलीकडून कोणी बोललं नाही. महिन्या-दीड महिन्याने हा फोन येतोच. मावशी स्टुलावर बसली आणि सुरू झाली — "गुडघा बरा आहे. खिडकीची कडी बसवून घेतली. हा इथेच जेवतोय, अजून तसाच चिवडतो. तू जेवलास का?" पाच मिनिटं! मग पलीकडून ठेवला.

"दादा होता," म्हणाली.

दादा म्हणजे तिचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी भांडून गेला तो गेलाच. पत्ता नाही, चिठ्ठी नाही.

कितीदा सांगितलं तिला — ही कंपन्यांची मशीनं असतात. एकदम शंभर नंबर लावतात, बोलायला माणूस मोकळा नसला की लाइन तशीच लटकत राहते. हे माझं कामच आहे, मला कळतं.

"मशीन पाच मिनिटं ऐकत बसतं होय रे, शहाण्या?"

मी पानातला भात चिवडत राहिलो. पण मशीनच असणार.

मंगळवार, ११ मार्च

फोन बंद झाले. काउंटरवर ही गर्दी! एक निवृत्त हेडमास्तर आले. बिल टेबलावर आपटलं. "मी छत्री रोज उघडत नाही. म्हणून तुम्ही घरात शिरून ती घेऊन जाणार?"

"ही सेवा-सुधारणा आहे, सर," साहेब म्हणाले.

"सुधारणा? कोणाची?"

साहेबांनी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. मी पक्कड पुसत बसलो. पुसलेलीच होती.

बुधवार, १२ मार्च

अक्षर वाकडं येतंय.

मावशीचा निरोप होता : फोन मुका झालाय, घरचा वायरमन काय कामाचा? संध्याकाळी पिशवी घेऊन गेलो. वायर ठीक. सॉकेट ठीक. इंटरनेटच्या डब्यावरचे दिवे हिरवे. फोन तेवढा मेलेला. मग डबा उलटा केला. खाली ग्राहक क्रमांक चिकटवलेला असतो. शेवटचे चार आकडे वाचले — आणि पुन्हा वाचले.

हे मी लिहिलंय. हे मी लिहिलंय!

मावशी फोन करतच नाही. डोळ्यांना आकडे दिसत नाहीत, आणि करायचा तरी कोणाला? ती फक्त उचलते. आउटगोइंग शून्य. येणारे फोन मोजायला रकानाच नव्हता. आणि तो हवा, हे मला सुचलं नाही. मला!

दादाला पाठ असलेला एकच नंबर तो. इंटरनेट घेतलं तेव्हा हट्टाने मीच ठेवून घेतला होता.

"काय झालंय रे?"

"वरूनच बिघाड आहे," म्हणालो.

गुरुवार, १३ मार्च

पान चार, ओळ सतरा. खूण किती सुबक आहे.

साहेबांचे पाय धरायचे बाकी ठेवले. "बंद केलेला नंबर जमा होतो. गिऱ्हाइकाला परत मिळत नाही. नवा घे. नवीन योजना आलीये — घरचा फोन, वेगळं भाडं."

आपणच काढून घेतलेली वस्तू! नवा कागद गुंडाळून त्याच माणसाला विकायची! आणि मी अर्ज भरला. काय करणार?

शुक्रवार, १४ मार्च

मावशीला खरं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नव्या फोनवरून हात फिरवला. "छान आहे. पण हा नंबर त्याला कोण सांगणार?"

मशीनला काय सांगायचं, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

सोमवार, २४ मार्च

नवीन जोडणी, शिंप्याचं दुकान. कामाच्या कागदावरचा नंबर वाचला आणि शिडीवरून पडायचा राहिलो. मावशीचा!! दोन आठवडेही रिकामा ठेवला नाही!

शिंप्याला सगळं सांगितलं. मावशीचा नवा नंबर चिठ्ठीवर ठळक लिहून दिला. म्हटलं, "कोणी बोललं नाही तरी ठेवू नका. हे वाचून दाखवा."

टेप गळ्यात घालून तो ऐकत होता. "मुक्याला नंबर वाचून दाखवू?"

"हो."

"आणि मशीन असलं तर?"

"तरी."

त्याने चिठ्ठी टाचणीने भिंतीला लावली.

शनिवार, ५ एप्रिल

शिंप्याकडे जाऊन आलो. काही नाही. "रोज येतोसच, तर पँट तरी शिवून घे!"

गुरुवार, १० एप्रिल

काही नाही. मावशी स्टुलावरच बसून भाजी निवडते आता.

शनिवार, १९ एप्रिल

दुपारी शिंपी ऑफिसात धावत आला, गळ्यात टेप तशीच. "आला! आणि गप्प नव्हता रे! माझा आवाज ऐकून आधी थबकला. मग म्हणतो, 'आई वारली का?' रडायलाच लागला. मी म्हटलं, अरे ठणठणीत आहे ती, कंपनीने फोन काढलाय. घे लिहून."

"घेतला?"

"दोनदा परत वाचून दाखवला मला. तुझाच भाऊ तो, चिकट!"

पळत गेलो. दार उघडंच होतं. मावशी स्टुलावर, फोन कानाला. मला बघून हाताने थांब म्हणाली.

ती ऐकत होती.