वरच्या खुंटीवरचा कोट

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आमच्या विद्यापीठातल्या खांदेदुखीच्या अभ्यासाला तू आलीस, बरं वाटलं. मी नात्यातली, म्हणून तपासणीच्या खोलीत मला येऊ दिलं नाही. सर बाहेर आले ते तुझं कौतुक करतच. दंडाला यंत्र बांधून हात वर करायला सांगितला, तर तू तो एका झटक्यात कानाला लावलास म्हणे. दुखतं का विचारलं तर छे म्हणालीस.

मग मागच्या महिन्यात शिवलेला कोट वरच्या खुंटीला अडकवायला शेजारच्या केस कापणाऱ्या बाईंना हाक मारत होतीस, ते काय होतं? या निकालावर तुला अभ्यासातल्या व्यायामोपचारांत जागा मिळणार नाही. खरं काय ते कळव. मला काळजी वाटते.

तुझी,
चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाई, रागावू नका. भाचीच्या साहेबांपुढे काय रडगाणं गायचं? म्हणून चार दिवस शिलाई मशीनला हात लावला नाही, खांदा शेकला, निघताना दुखणं थांबवायची गोळी घेतली. केससुद्धा धुतले. तुझी मान खाली जाऊ नये, एवढंच मनात होतं. इतकं छान जमलं की मीच खूश होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी इस्त्री उचलली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता खरं सांगते, हात खांद्याच्या वर जात नाही. कापड बेतायचं मोठं टेबल विकून टाकावं आणि नुसती काजं-बटणं करत बसावं, असं मनात येतं. तसं झालं तर मला फार वाईट वाटेल. पण आपल्याच हातानं ओढवून घेतलं, बोल कुणाला लावू?

रागात का होईना, पत्र लिही.

मावशी

१५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सरांना सगळं सांगितलं. आधी पोट धरून हसले. मग तुझ्यासारखे आणखी किती जण नटूनथटून, गोळी घेऊन येत असतील, आणि ज्यांना आमचा जिनाच चढवत नाही त्यांचं काय, असं म्हणाले. आता सगळ्यांचीच तपासणी जो तो जिथे काम करतो तिथे करायचं ठरलंय. सोमवारी आम्ही यंत्र घेऊन दुकानात येऊ.

गोळी घेऊ नकोस. दुकान आवरू नकोस. नेहमीसारखी इस्त्री कर आणि नेहमीसारखी कुरकुर कर. टेबलाला गिऱ्हाईक आलं तर हाकलून दे.

मी रागावले म्हणून मायेत काटकसर करू नकोस.

तुझी,
चिमणी

२ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

त्या सोमवारी मी इतकी मनापासून कुरकुर केली की तुझे सर घाबरले, पण जागा मिळाली. तुमची व्यायाम शिकवणारी मुलगी आता आमच्याच रस्त्यावरच्या वाचनालयात येते. मी, बेकरीवाला, केस कापणारी शेजारीण, सगळे भिंतीवर बोटं चढवत उभे असतो. बेकरीवाला चुकवेगिरी करतो, मी लक्ष ठेवते. खांदा अजून दुखतो, पण आता माझं ऐकतो.

काल एक कोट पुरा झाला. सवयीनं शेजारणीला हाक मारली. ती कात्री ठेवून येईपर्यंत कोट वरच्या खुंटीवर होता. दोघी नुसत्या त्याच्याकडे बघत राहिलो. बिचारीला काम तर काही उरलं नव्हतं, म्हणून चहा केला. मोठ्या टेबलाशी बसून प्यायलो.

आलीस की तुझाही कोट बेतते. माया आहेच, पत्रं येऊ देत.

तुझी,
मावशी