पावशेर साखर आणि अमेरिकेतली उपनगरं

४ जानेवारी १९५९, रविवार

आजपासून रोजनिशी. पहिल्या पानावर मालकाची माहिती असावी, म्हणून लिहितो. हैबतराव, किराणा दुकानदार, भरे, तालुका मुळशी. वय एकेचाळीस. बायको वारून सात वर्षं झाली. घरात थोरली बहीण गोजराआक्का. ती बोलते, मी ऐकतो.

संकल्प तीन. तंबाखू बंद. आक्काशी वाद नाही. रोजनिशीत फक्त धंद्याचं लिहायचं, बाकी काही नाही.

५ जानेवारी, सोमवार

दिवाळीत पुण्याहून पुड्या बांधायला रद्दी आणली होती. त्यातला एक इंग्रजी रिपोर्ट आज पहिल्यांदा उघडून पाहिला. अमेरिकेतल्या शहरांत आणि त्यांच्या उपनगरांत किरकोळ विक्री कशी वाढली, यावर. माझं इंग्रजी पाचवीपर्यंतचं, पण आकड्यांना भाषा लागत नाही. शहरातल्या दुकानांची विक्री जराशी वाढली, उपनगरातल्या दुकानांची मात्र सपाटून. उपनगर म्हणजे शहरापासून दहा-वीस मैलांवर, मोकळ्या जागेत वसलेलं गाव.

इथून पुणं सोळा मैल. आजवर मी समजत होतो की आपण खेड्यात धंदा करतोय.

शेवटची तीसेक पानं नाहीत. मागल्या बाजूने फाडून मी त्यांत साखर बांधत होतो. शेवटी काय ठरलं ते कळणार नाही, पण आकडे चढत चालले आहेत, म्हणजे शेवट चांगलाच असणार.

तंबाखू: दोनदा. उद्यापासून बंद.

९ जानेवारी, शुक्रवार. सायंकाळी ५

अमेरिकेत दुकानदार गिऱ्हाइकाचं निरीक्षण करतो, असं पान ११ वर आहे. म्हणून आजपासून निरीक्षण.

गिऱ्हाईक: लीलाबाई, सरकारी दवाखान्यातल्या नर्स. विधवा, माहेर साताऱ्याकडे, इथं एकट्या राहतात. वय तेहतीस असावं. दोन वर्षं झाली, रोज साडेचारला येतात. मागणी: पावशेर साखर. आज पांढरं पातळ, निळे काठ. केसांत काही नव्हतं. खोकला कालच्यापेक्षा कमी.

गावात सगळे गूळ घेतात. साखरेचं गिऱ्हाईक हे एकच. एकटी बाई दिवसाला पावशेर साखर खपवते, म्हणजे माणशी खप अमेरिकेच्या वर गेला. फार मोठी गोष्ट आहे.

पुडी बांधायला पंचवीस मिनिटं लागली. मी पुडी नीट बांधतो. तोवर त्या फळीवर कोपर टेकून उभ्या असतात. इकडचं तिकडचं बोलणं होतं. आज विहिरीच्या पाण्यावर झालं. कुणाच्या घरी काय झालं, मुलगा की मुलगी, तेही सांगतात. धंद्याच्या दृष्टीने उपयोगी, बाळंतिणीच्या घरी खोबरं लागतं.

१८ जानेवारी, रविवार

अमेरिकेत दुकानापुढे मोटारी उभ्या करायला जागा ठेवतात. त्यामुळेच विक्री वाढली. दोन दिवस खपून दुकानापुढची जागा सपाट केली, कडेला चुना मारलेले दगड लावले. चार मोटारी सहज राहतील.

दुपारी गावातल्या कुशाबाने त्यात बैलगाडी सोडली. बैल बांधले, स्वतः गाडीखाली झोपला. मी म्हटलं, ही जागा मोटारींसाठी आहे. तो म्हणाला, "मोटार आली की मला उटीव." संध्याकाळपर्यंत आली नाही, त्यामुळे उठवता आलं नाही.

लीलाबाईंनी दगड पाहिले. चांगले दिसतात म्हणाल्या. खर्च वाया गेला नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

मोठा दिवस. पान २३ वरून असं दिसतं की अमेरिकेत दुकानाला फळीच नसते. गिऱ्हाईक आत शिरतं, हाताने माल उचलतं, दाराशी पैसे देतं. कुणी कुणाची वाट पाहत नाही. सगळी विक्री वाढली ती यामुळे. (मोटारींबद्दलचा अंदाज थोडा चुकला.)

दुकानाच्या तोंडाशी आडवी असलेली सागवानी फळी आज काढली. वडिलांच्या वेळची. तिचं मागच्या भिंतीला शेल्फ केलं, त्यावर साबण ठेवले. सगळा माल आधीच पुड्या बांधून मांडला. पाटी लावली: आत या, स्वतः घ्या.

आक्का दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हैबत, त्या फळीला कोन टेकतं ते तुला म्हाईत हाय ना?" मी म्हटलं, सगळेच टेकतात, म्हणून तर गर्दी होते. ती आत निघून गेली. वाद झाला नाही. संकल्प पाळला.

२ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. प्रतिसाद संमिश्र.

डोंगरावरच्या वाडीतला कान्हू आला. मीठ हवं होतं. दाराबाहेर हात मागे बांधून उभा. मी म्हटलं, आत ये, हवं ते घे. तो म्हणाला, "मालक, तुमी द्या. आमी हात लावला की लोकं चोर म्हनत्यात." मी पाटी दाखवली. त्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. तरी तो हात मागेच ठेवून उभा राहिला, मग मीठ न घेता गेला. त्याच्या मागे धावून मीठ द्यावंसं वाटलं, पण पद्धत पहिल्याच दिवशी मोडली तर लोकांना सवय कशी लागणार?

कुशाबाने स्वतः घेतलं. तंबाखू. पैसे द्यायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

घड्याळ लावून मोजलं. लीलाबाई आत आल्या, पुडी घेतली, पैसे ठेवले, गेल्या. दीड मिनिट. आधी पंचवीस लागायची. साडेतेवीस मिनिटांची बचत. एफिशियन्सी म्हणतात ती हीच.

आजही त्या आत आल्यावर जरा घोटाळल्या. फळी जिथं होती तिथं हात नेला आणि मागे घेतला. होईल सवय.

वाचलेल्या साडेतेवीस मिनिटांत काही करायला नव्हतं. दुपार मोठी वाटते आहे. ऊन वाढलंय म्हणून असेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार

विक्री घटली. आक्काचं म्हणणं, बायका बोलायला येतात, पुडी उचलायला नाही. तिला आकडे कळत नाहीत. पान २९ वर स्पष्ट आहे की सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकतं. निदान तसं असावं. तिथला इंग्रजी शब्द डिक्शनरीत बघायचा आहे.

लीलाबाईंचा खोकला कळला नाही. दीड मिनिटात खोकला कळत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी ६

पान ३१. आजवरचं सर्वांत महत्त्वाचं पान. उपनगरातली बाई रोज दुकानात जात नाही. आठवड्यातून एकदा जाते आणि सगळा माल एकदम घेते. तिचा वेळ वाचतो, दुकानदाराचा वाचतो, विक्री वाढते.

आपल्याकडे याला लायक गिऱ्हाईक एकच. साडेचारला लीलाबाई आल्या तेव्हा सांगितलं. सातही दिवसांची साखर एकदम न्यावी, पावणेदोन शेर. अमेरिकेत सगळ्या शहाण्या बायका असंच करतात.

त्यांनी त्या मोठ्या पुड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रोज आलेलं चालत नाही का?"

मी म्हटलं, चालतं, पण वेळ वाचेल ना तुमचा.

"वाचवून काय करू?" म्हणाल्या.

याचं उत्तर रिपोर्टात नाही. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पावणेदोन शेराचा पुडा दोन्ही हातांनी उचलला आणि गेल्या. पैसे बरोबर ठेवले होते.

एका दिवसात सातपट विक्री. आक्काला सांगितलं. तिने भाकरी माझ्या ताटात आपटली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

साडेचारला कुणी येत नाही. हे यशच आहे. तरी त्या वेळेला मी दाराशी जातो, मोटारी येतात का बघायला.

तंबाखू: मोजली नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लीलाबाई आल्या. पावणेदोन शेर. मी म्हटलं, आठवडा कसा गेला. त्या म्हणाल्या, गेला. पातळ कुठलं होतं ते लिहायचं ठरवलं होतं, आता आठवत नाही. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नाही, पुडा जड आहे का ते बघत होतो.

७ मार्च, शनिवार

आल्या नाहीत. कुठं बाळंतपण अडलं असेल. पुडा बांधून दाराशी ठेवला आहे.

८ मार्च, रविवार

नाही.

१२ मार्च, गुरुवार

कान्हू आला, सरपणाची मोळी घेऊन. आज मी स्वतः उठून त्याच्या हातात मीठ दिलं. फक्त त्याच्यापुरती सवलत. तो बसला, बोलला. म्हणाला, वाडीतली पोरं नर्सबाईंची अन् साखरेच्या पुडीची वाट बघत्यात, तीन आठवडं होत आलं. कसली साखर विचारलं. तर म्हणाला, "बाई रोजच्याला पुडी घिऊन चढायच्या की. पोरास्नी, बाळंतिणीस्नी वाटायच्या. सोता च्या बिनसाखरंचा पित्यात. मदी दोनदा मोठा पुडा पाठवला कुनासंगं, पन बाई न्हाई आल्या."

लीलाबाई साखर खातच नाहीत. मग रोज पावशेर घेत होत्या कशाला? वाडीला द्यायची तर महिन्याची एकदम घेता आली असती. पुण्याहून स्वस्त पडली असती. हिशेब लागत नाही. याचा अर्थ त्या किरकोळ गिऱ्हाईक नव्हत्याच, एक प्रकारच्या वितरक होत्या. त्यांना घाऊक दर द्यायला हवा. भेटल्या की सांगायचं.

हे मी लिहिलं आणि परत वाचलं. बरोबर वाटत नाही.

१६ मार्च, सोमवार

आक्का दवाखान्यात गेली होती, गुडघ्याला मलम आणायला. येऊन म्हणाली, नर्सबाईंची बदली झाली, शुक्रवारी जाणार. मी म्हटलं, सरकारी नोकरी, बदल्या व्हायच्याच. आक्का म्हणाली, "तिनंच मागितली. आदी दोन वक्ताला आली व्हती तवा साहेबाच्या हातापाया पडून थांबवली व्हती. कुनासाठी थांबली व्हती, इचार की मला."

मी विचारलं नाही. मग तीच म्हणाली. दोन वर्षं ती नर्सबाई वाट बघत होती की हा माणूस साखरेशिवाय काही बोलेल. आणि तू तिला म्हणालास, रोज येऊ नको.

मी तसं म्हटलं नव्हतं. मी अमेरिकेचं सांगितलं होतं.

आक्काशी वाद झाला. म्हणजे ती गप्प बसली आणि मी ओरडलो.

१७ मार्च, मंगळवार

संकल्प: गुरुवारी किंवा त्याआधी स्वतः दवाखान्यात जाऊन बोलायचं. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. पहिलं वाक्य: "लीलाबाई, तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं." दुसरं अजून सुचलं नाही. पहिल्याने भागेल.

१८ मार्च, बुधवार

दवाखान्यापर्यंत गेलो. बाहेर बायकांची रांग होती. रांगेत उभं राहणं बरं दिसलं नसतं. उद्या.

१९ मार्च, गुरुवार. सायंकाळी

साडेचारला त्या स्वतः आल्या. निळ्या काठाचं पातळ. खोकला अजून आहे.

आत येऊन उभ्या राहिल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हणाल्या, "कुठं उभं राहायचं तेच कळत नाही हल्ली इथं."

कागद माझ्या खिशात होता. वाक्य पाठ होतं. मी म्हटलं, पिशवी आणलीय का.

त्या म्हणाल्या, आज काही न्यायचं नाही. सहजच आले होते.

त्या तशाच उभ्या होत्या, मीही. किती वेळ ते मोजलं नाही. त्यांनी शेल्फवरचा एक साबण सरळ केला, येते म्हणाल्या आणि गेल्या. मी दारापर्यंत गेलो. चुन्याच्या दगडांमधून त्या जपून चालत होत्या.

२० मार्च, शुक्रवार

सकाळच्या एस.टी.ने गेल्या. मी दुकान सोडून जाऊ शकलो नाही. गिऱ्हाईक नव्हतं, पण येण्याची शक्यता होती. गाडी दुकानावरूनच जाते. मला वाटलं, दिसतील. त्या पलीकडच्या बाजूला बसल्या असाव्यात.

मला वाईट वाटतंय. धंद्याचं नाही, तरी लिहितो. फार वाईट वाटतंय.

२२ मार्च, रविवार

कान्हू एक गाठोडं घेऊन आला. बाईंनी जाताना वाडीत दिलं, मालकांना द्या म्हणाल्या. चिठ्ठी नाही.

आत दोऱ्याचा मोठा गुंडा. माझ्याच दुकानातला दोरा, तुकड्याला तुकडा बांधलेला. आणि कागद. माझ्या पुड्यांचे, दोन वर्षांचे, एकेक हाताने सपाट केलेला, एकावर एक रचलेला. दवाखान्याच्या फिनेलचा वास येतो. मी आक्काला म्हटलं, सगळ्याच बायका पुडीचे कागद ठेवतात. आक्का म्हणाली, "ठिवत्यात. लावून न्हाई ठिवत."

कागदांत रिपोर्टाची शेवटची पानं सापडली. पान ९७ वर दुकानदारांना सल्ला आहे. डिक्शनरी घेऊन दुपारभर त्याचा अर्थ लावला. असा आहे: दुकानात कुठलाही बदल करण्याआधी मालकाने एकदा गिऱ्हाईक उभं राहतं तिथं जाऊन उभं राहावं, आणि तिथून काय दिसतं ते पाहावं.

२३ मार्च, सोमवार. सायंकाळी ५

सकाळी साबण उतरवले, फळी काढली, पूर्वीच्या जागी बसवली. कुशाबाने हात लावला. एका टोकाला वीतभर जागा गुळगुळीत झाली आहे, कोपराएवढी. वडिलांच्या वेळी नव्हती.

साडेचारला फळीच्या बाहेर जाऊन तिथं उभा राहिलो. कोपर टेकलं. पंचवीस मिनिटं उभा होतो.

तिथून गुळाची ढेप दिसत नाही. डबे दिसत नाहीत. साखरेचं पोतंही खांबाआड जातं. तिथून फक्त माझी बसायची जागा दिसते.