मागच्या खोलीतल्या जुन्या कापडाची व्यवस्था

आज आलेले: जुन्या चादरी चार, किंमत काही नाही. उशांचे अभ्रे नऊ, तेही फुकट. मृत्युपत्राचे कागद सहा, किंमत एका दिवसाचे दूध. पहिल्या दोन गोष्टी दर महिन्याला येतात. तिसरी आयुष्यात एकदाच आणायची, म्हणून कोरा चहा पिऊन लिहायला बसले आहे.

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, देवपित्याला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलाने दोनदा विषय काढला, त्याला मी दडपण म्हणत नाही.

कलम एक. हे घर यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे ते मुलाला व सुनेला निम्मे निम्मे मिळावे. सुनेला मुद्दाम घातले आहे. माझे नाव घराच्या कागदावर यायला साठावे वर्ष उजाडले होते.

कलम दोन. बँकेतल्या शिलकीतून आधी माझ्या दफनाचा खर्च व्हावा, उरेल ते नातीच्या शिक्षणाला. पेटी साध्या लाकडाची. पितळी कड्या लावू नयेत, मातीत त्या कोण बघणार?

कलम तीन. मागची खोली वरच्या वाटणीत लगेच धरू नये. तिथे मी एकतीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी घड्या करते. जुने कापड उकळायचे, उन्हात वाळवायचे, फाडायचे, सात पदरी दुमडायचे. टाका घालायचा नाही. टाचेखाली, कोपराखाली, पाठीखाली ठेवले की कातडी सोलवटत नाही. सध्या नऊ घरे आहेत, दर शनिवारी पोचवायचे. मुलगा म्हणतो, "आई, चिंध्यांना कशाला गं स्वतंत्र खोली? भाडेकरू ठेवला तर तुझी औषधं तरी निघतील." त्याचे चुकत नाही. मीही थकले आहे. तरी हे काम करणारे कोणी असेपर्यंत खोली भाड्याने देऊ नये.

हे खूळ आलं कुठून, असे सून विचारते, म्हणून लिहून ठेवते. पवित्र शास्त्रात एबद-मलेख नावाचा राजवाड्यातला एक परदेशी चाकर आहे. मंडळीत त्याचे नाव मी दोनदाच ऐकले. यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत टाकले होते. हा राजाकडे जाऊन परवानगी घेऊन आला, पण दोर सोडण्याआधी भांडाराखालच्या खोलीत गेला, फाटकेतुटके जुने कापड घेतले, ते खाली सोडले आणि सांगितले की हे काखेत धरा, मग दोर बांधा. दोर कोणीही सोडला असता. काखेला काचेल हे त्याला सुचले.

कलम चार. मागच्या खोलीचा वापर, कपाट, मोठे पातेले व कात्री माझ्या धाकट्या जावेला तिच्या हयातीपर्यंत मिळावी. घरात सगळे भुवया उंचावतील. आमचे पटत नाही हे जगजाहीर आहे. मंडळीतल्या बायकांत ती म्हणायची, "आमच्या ताईंकडे देवाचं काम नि पोतेरं एकाच कपाटात!" मीही तिच्याशी कधी हसून बोलले असे नाही.

सहा वर्षांपूर्वी दीर अंथरुणाला खिळले. ती दारात येऊन उभी राहिली. "ताई, द्याल का?" एवढेच म्हणाली. तिला जुने द्यायचे माझ्या जिवावर आले. आता दाखवतेच म्हटले. जन्मात पहिल्यांदा नवे कापड विकत आणले, चारी बाजूंनी दुहेरी शिवण घातली, कोपऱ्यात फूलही काढले. त्या शिवणीने दिरांच्या पाठीला जखम झाली. भरायला चार महिने लागले. राजाच्या भांडारात नवे कापडही असणारच, तरी त्या चाकराने जुने उचलले. हे मी शंभरदा वाचले होते.

ती भांडायला आली नाही. पुढच्या शनिवारी मी गेले तर तिने शिवण उसवून, कापड उकळून उकळून मऊ केले होते, सात पदर बरोबर घातले होते. मला म्हणाली, "आत या, हात धुवा. यांची कूस बदलायची आहे, मला एकटीला झेपत नाही." दीर आणखी दोन वर्षे जगले. गेले तेव्हा पाठीवर एकही जखम नव्हती. माझ्या हाताखाली इतक्या जणी शिकल्या, पण न सांगता शिकली ती हीच.

तिने नकार दिल्यास कलम तीन व चार रद्द समजावे. खोली मुलाची, त्याने खुशाल भाडेकरू ठेवावा.

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. वाचून सही केली, चौथ्या कलमानंतर माझ्याकडे बघितले नाही.
साक्षीदार दुसरी: शेजारच्या निवृत्त नर्सबाई.
सही: घरातली थोरली.
ठिकाण: राहते घर, मागची खोली. तारीख अकरा नोव्हेंबर, मंगळवार.

एक प्रत धाकट्या जावेस टपालाने:
त्या चार महिन्यांची माफी मागायची राहून गेली, ती आज मागते. तोंडाने जमले नसते. ही माफी कामाच्या बदल्यात नाही, नकार दिलास तरी ती तुझीच. पण या शनिवारी माझ्याकडून पाच घरांच्या पुढे होणार नाही. उरलेल्या चौघांना काय सांगू, ते उलट टपाली कळव.