हिंजवडीचा शिक्का

बिबवेवाडी, १२ ऑगस्ट २०२५

ती. शैलाताईस,
संजयचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. फोन कामापुरता आणि खुशाली पत्रानंच, हा तुझा नियम सत्तरी ओलांडली तरी सैल होत नाही. पोस्टात अडतीस वर्षं काढली की माणसाचं असंच होत असणार.

माझे गुडघे ठीक आहेत. डॉक्टर म्हणतात, उजवा लगेच बदला. त्यांचं काय जातंय! त्यांनी सांगितलेल्या खर्चात माझी म्हातारपणाची ठेव निम्मी संपते. नारायण पेठेतल्या प्रेसच्या नोकरीला पेन्शन नाही, आणि मेडिक्लेमचा हप्ता परवडेना म्हणून तीन वर्षांमागे सोडला. ठेव मोठ्या आजारपणासाठी ठेवलीय. गुडघ्यानं कोणी मरत नाही. मी रोज सकाळी जिने उतरून चौकापर्यंत फिरून येतो. हे पत्रही स्वतःच पेटीत टाकणार आहे.

लोभ आहेच, तो वाढवावा. रागावणं तेवढं कमी करावं.

तुझा
संजय


कर्वेनगर, १७ ऑगस्ट २०२५

चि. संजयास,
जयभीम व अ. आ.

तुझं अभिनंदन. पत्र टाकायला बिबवेवाडीहून थेट हिंजवडीपर्यंत गेलास, तेही या गुडघ्यांनी! लिफाफ्यावर हिंजवडीचा शिक्का आहे. पत्र हातात आलं की मी आधी शिक्का वाचते, मग अक्षर. गाढवा, थापा मारायच्याच तर निदान पोस्टातल्या बाईला तरी मारू नयेत.

तुझ्या सुनेचं ऑफिस तिकडं, म्हणून अक्षताला फोन लावला. हे काम होतं, त्यामुळे नियम मोडलेला नाही. पोरीनं आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाली की बाबा अडीच महिने तीन जिने उतरलेले नाहीत. रविवारी तुम्ही नवराबायको जोडीनं जायचात त्या विहारात आता रतन एकटीच जाते, आणि तू चालवायचास ते तिथलं मुलांचं वाचनालय कुलपात आहे. ऐकून मला रडूच आलं.

तुझे दाजी शेवटचे एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात होते. माझं सरकारी आरोग्य कार्ड होतं, म्हणून खर्चाची झळ बसली नाही. पण त्या दिवसांत ना त्यांनी मला ओळखलं, ना घोटभर चहा घेतला. त्याआधीची चार वर्षं मात्र गुडघ्यांपायी घरात बसून काढली, पुढच्या वर्षी बघू म्हणत. मला अजून वाईट वाटतं ते त्या चार वर्षांचं. तू एकोणीस दिवसांसाठी पैसे राखतोयस आणि हाताशी असलेली दहा वर्षं खिडकीत बसून घालवतोयस.

ट्रस्टच्या एका दवाखान्यात चौकशी करून आले. जनरल वॉर्डात ठेवीचा जेमतेम चौथा हिस्सा जाईल. शेजारचा पेशंट घोरेल, पण तूही घोरतोसच. उत्तर लगेच पाठव. शिक्का कुठलाही चालेल.

तुझी
ताई


बिबवेवाडी, २४ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

चोरी पकडलीस. आता खरं सांगतो. ठेव मोडली आणि पुढं मोठं दुखणं आलं, तर मुलासुनेपुढे हात पसरावा लागेल, याची मला भीती वाटते. चाळीस वर्षं मशीनपुढे उभा राहिलो ते कुणापुढे वाकायला लागू नये म्हणून. हे रतनला बोललो, तर ती म्हणाली की वाकता तर तुम्हाला आत्ताही येत नाही. अक्षतानं सांगितलं, पैसे खुशाल मागा, पण आत्यांशी खोटं बोलायला मला पुन्हा लावू नका.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दाजींचे ते दिवस मीही पाहिलेत. माझी तशी वेळ आलीच तर मला नळ्या लावून उगाच ताटकळत ठेवू नका, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. सांगून टाकल्यावर मोकळं वाटलं. तेव्हा जनरल वॉर्डाला होकार कळव. सध्या उजवाच गुडघा. डाव्यानं रांगेत उभं राहावं.

माया कमी करू नये. दवाखान्यात येताना तुझी लसणाची चटणी आणावी.

संजय


कर्वेनगर, १६ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तू मला चहा पाजून दोन दिवस झाले असतील. आत्ता मी तुझ्या इमारतीखालच्या बाकावर बसून लिहितोय. बसनं आलो, काठी टेकत. कंडक्टरनं जागा करून दिली, ती मी अगदी ऐटीत नाकारली आणि पुढच्याच स्टॉपला निमूट घेतली.

रविवारी वाचनालय उघडलं. पोरांनी आधी पँट वर करून टाक्यांची खूण दाखवायला लावली, पुस्तकं नंतर मागितली. ताई, दोन वर्षांत इतका आनंद झाला नव्हता.

आता कोपऱ्यावरच्या लाल पेटीत हे टाकतो आणि तुझे दोन जिने चढतो. वेळ लागेल, पण पोचेन. पत्राबद्दल मात्र वर चकार शब्द काढणार नाही.

लोभ आहे तसाच राहू दे, चहात साखर थोडी जास्त घाल.

तुझा
संजय

ता. क. शिक्का तू आधीच वाचला असशील. या खेपेस पत्र मीच टाकलंय.