एकतीस जणांचं गवत

सौसर,
२१ एप्रिल २०२५

ती. बाबा,

नमस्कार. आईच्या गुडघ्याला तेल लावायला तुम्हीच बसता की ती ऐकत नाही? संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ थांबली का, तेही कळवा.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. काल तीनदा लावला. तुम्ही म्हणता, "काय करून राहिली व?" आणि मी "काही नाही, जेवून राहिली" म्हणून मोकळी होते. तुमचा आवाज ऐकला की धीर सुटतो.

गोल्फचं मैदान बरं आहे. ऊन चाळिशीपार गेलंय, तरी नऊ खळग्यांभोवतालच्या हिरवळींपैकी सहा तग धरून आहेत. जामसांवलीच्या हनुमानाला जाणारे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. पैशाची मात्र ओढाताण आहे. मालकांचा, विशालभाऊंचा, हात सैल. क्लबात एसी बसवले, मैदानावर फिरवायच्या चार नव्या गाड्या घेतल्या. खात्यात आज एक लाख दहा हजार आहेत आणि अकरा माणसांचा पगार व्हायचाय.

मार्चमध्ये नागपूरला दोन दिवसांच्या वर्गाला गेले होते. गोल्फचं मैदान चालवणाऱ्यांना तिथे पैशाचा कारभार शिकवतात. मला काय शिकवणार, अशा तोऱ्यात गेले होते. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं तेव्हा छाती फुगवून सांगितलं, दसऱ्याला एका झटक्यात अठरा लाख साठ हजारांची कमाई केली. एकतीस सभासद, प्रत्येकी साठ हजार, तीन वर्षांचे. त्या म्हणाल्या, "त्यातलं किती महिन्यांचं गवत कापून दिलंत?" मी म्हटलं, पाच. "मग पाचच महिन्यांचे पैसे तुमचे. बाकीचे लोकांचे, तुमच्याकडे ठेवायला दिलेले." मी मान खाली घालून वहीत रेघोट्या मारत बसले.

बाबा, आपल्या तिगावात संत्र्याचा बगीचा फळं झाडावर असतानाच विकतो. तुम्ही म्हणायचे, "सौदा झाला का पैसे आपले, पोरी. आता गारा पडल्या तं व्यापाऱ्याच्या." मी तोच हिशोब इथे लावला. पण संत्री एकदा विकली की आपण सुटलो. गवत तर रोज कापून, पाणी देऊन, तीन वर्षं विकत राहायचं असतं. हे तुमचं चुकलं नाही. चुकलं ते माझं.

आणि वर विशालभाऊंबद्दल लिहिलं ते खोडत नाही, पण अर्धंच खरं आहे. त्यांनी मागितलं, पण "पैसे आहेत, घ्या" असं मी म्हटलं. प्रत्येक चेकवर माझी सही आहे. ते एकतीस जण पांढुर्ण्याचे. जिनिंगवाले, डॉक्टर, तुमचे रामाजी मास्तर. यातल्या कितीजणांनी आयुष्यात गोल्फची काठी धरली होती? ते तुमच्या शब्दावर आले. हे लिहायला मला दीड पान लागलं. मला लाज वाटते, बाबा.

विशालभाऊ म्हणतात, "मॅडम, आजीवन सभासद करून टाकू, दोन-दोन लाख घेऊन. आधीचा गड्ढा भरून जाईन." मी नाही म्हटलं. ते चिडले. मी राजीनामा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, गाड्या विका, नाहीतर हा घ्या. दोन दिवसांनी त्यांनी दोन गाड्या विकून टाकल्या. तो पैसा वेगळ्या खात्यात टाकलाय. त्यातून दर महिन्याला फक्त त्या महिन्यापुरतं काढायचं, वर कवडी नाही. पावसाळ्यापर्यंत सहाच हिरवळी चालवू. माझा अर्धा पगार त्याच खात्यात जाईल, वर्षभर.

रविवारी, सत्तावीसला, सकाळी दहाला सभासदांची बैठक बोलावलीय. सगळं मी सांगणार आहे. ज्याला पैसे परत हवेत त्याला हप्त्याने देणार, लिहून देणार.

तुम्ही या. पण दोन गोष्टी ऐका. बगीच्याचे पैसे खिशात घालून येऊ नका. तुम्ही आणाल हे मला ठाऊक आहे, आणि मी घेणार नाही. आणि कोणी मला बोललं तर मध्ये उठू नका. रामाजी मास्तर रागावले तरीही नाही. ते मला रागावतील, ते बरोबरच असेल. तुम्ही नुसते बसा.

नाही आलात तरी मी समजून घेईन. बैठक होणारच.

तुमचं नाव लावते, म्हणून दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी कळवणारी,
धनश्री गजेंद्र कळंबे